हूटर रोज रात्री उगाच वाजतो? आधी मोशन डिटेक्टरची जागा तपासा

मोंढ्यातली अडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, पतसंस्थांच्या शाखा, हळदीची गोदामं, सगळीकडून चोरीच्या अलार्मबद्दल एकच तक्रार येते. "भाऊ, रात्री-अपरात्री नुसतं वाजायलंय. शेजारचे कावलेत. काढूनच टाका म्हणायलेत." यावर हमखास दोनच इलाज होतात. डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी कमी करायची, नाहीतर पॅनलवरून, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीवरून, तो झोन (त्या डिटेक्टरची लाईन) बायपास करायचा, म्हणजे तेवढा वगळायचा. आवाज थांबतो, मालक निवांत झोपतो. पण त्यानंतर कुणी शटर उचकटलं किंवा पत्रा काढून आत उतरलं, तरीही आवाज होत नाही. आपल्याकडे गोदामात शिरायची जुनी वाट पत्र्यातूनच आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून हे दोन्ही इलाज मला मान्य नाहीत.

उगाच वाजणारे बहुतेक डिटेक्टर धडधाकट असतात. त्यांच्या समोर काहीतरी हलत असतं, किंवा काहीतरी झटकन तापत-निवत असतं, आणि ते इमानेइतबारे कळवतात. ते काय आहे हे शोधायचं आणि डिटेक्टरच्या नजरेतून बाजूला करायचं. नवीन डिटेक्टर विकत घेण्याआधी हे करून बघा.

वेळ लिहून काढा

कुठलाही स्क्रू खोलण्याआधी पॅनलमधली इव्हेंटची नोंद काढा. कोणता झोन, किती वाजता, सगळं त्यात असतं. फक्त पॅनलचं घड्याळ बरोबर आहे का ते बघा. बॅटरी उतरून गेलेली असेल तर तारीख-वेळ चुकलेली असते आणि मग नोंदीचा उपयोग नाही. सोबत एक वही ठेवा. वाजलं तेव्हा लाईट होती का, वारं सुटलं होतं का, पाऊस होता का, एवढं वॉचमनला लिहायला सांगा. आठवडाभराची वही समोर आली की अर्धं काम झालं.

दुकान बंद केल्यावर तासा-दोन तासांत वाजत असेल तर संशय उष्णतेवर. दिवसभर पश्चिमेच्या उन्हात तापलेलं लोखंडी शटर रात्री नऊ-दहापर्यंत गरम असतं. शटर हळूहळू निवतं म्हणून वाजत नाही, कारण इतका संथ बदल डिटेक्टर सोडून देतो. वाजतं ते त्या गरम शटरसमोर हललेल्या गोष्टीमुळे: लोंबकळणारं रिकामं पोतं, पडदा, दोरीला अडकवलेल्या बियाण्याच्या पिशव्या. फटीतून आलेली वाऱ्याची झुळूकही पुरते. सकाळी ठरावीक वेळेलाच वाजत असेल तर पूर्वेच्या व्हेंटिलेटरमधून येणारी तिरीप कुठे पडते ते त्या वेळेला उभं राहून बघा. मध्यरात्र ते पहाटे, वेळ ठरलेली नाही, असं असेल तर जनावर किंवा किडे. लाईट जाताना-येताना वाजत असेल तर वायरिंग आणि बॅटरी. आणि वळवाच्या वाऱ्यातच वाजत असेल तर सैल पत्रा, आणि बहुधा डिटेक्टर मायक्रोवेव्हवाला, म्हणजे स्वतः लहरी सोडून हालचाल ओळखणारा.

डिटेक्टरला नेमकं काय दिसतं

आपल्याकडे बसवले जाणारे बहुतेक डिटेक्टर पीआयआर म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड असतात. ते स्वतः काहीही सोडत नाहीत. माणसाच्या अंगातून जी उष्णता बाहेर पडते ती साधारण ९-१० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वात जास्त असते, आणि सेन्सर त्याच्या आसपासचाच पट्टा बघतो. पुढची दुधी, रेघारेघांची लेन्स खोलीचे अनेक पट्टे पाडते. मधेमधे आंधळी जागा असते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की सेन्सरवर चढ-उतार होतो आणि रिले, म्हणजे पॅनलला कळवणारा आतला स्विच, सुटतो.

यातून बसवण्याच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, माणूस डिटेक्टरसमोरून आडवा गेला तर लगेच पकडला जातो. सरळ डिटेक्टरच्या दिशेने चालत आला तर तो बराच वेळ एकाच पट्ट्यात राहतो आणि उशिरा पकडला जातो. तरीही दाराच्या बरोब्बर समोरच्या भिंतीवर, दाराकडे तोंड करून डिटेक्टर लावलेले जिकडेतिकडे दिसतात. दिसायला ते बरोबर वाटतं, पण चोर थेट त्याच्याकडेच चालत येतो, आणि वर शटरची सगळी उष्णता त्याच्या नजरेत. एकाच जागेत दोन्ही दोष. तोच डिटेक्टर दाराच्या बाजूच्या भिंतीच्या कोपऱ्यात, गल्ल्याकडे जाणारी वाट आडवी कापली जाईल असा घ्या. शटर त्याच्या पाठीशी किंवा कडेला जातं. शटरसाठी मॅग्नेटिक सेन्सर वेगळा असतोच.

दुसरी गोष्ट, पीआयआरला काचेपलीकडचा माणूस दिसत नाही. साधी काच ही उष्णता अडवते. सराफाच्या दुकानात किंवा पतसंस्थेत काचेची केबिन करून घेतात आणि हॉलमधल्या डिटेक्टरवर भिस्त ठेवतात. केबिनला स्वतःचा डिटेक्टर हवा. दिवाळीआधी रंगकाम झालं असेल तर लेन्सवर डिस्टेंपरचे शिंतोडे नाहीत ना, तेही बघा. रंगाने भरलेली लेन्स म्हणजे बंद डोळा.

मे महिन्यात उलटी तक्रार

उन्हाळ्यात दुसरीच अडचण उभी राहते आणि तिच्याबद्दल कुणी फोन करत नाही, कारण हूटर वाजतच नाही. माणसाच्या त्वचेचं तापमान साधारण ३३-३४ अंश. पीआयआर काम करतो तो माणूस आणि मागची भिंत यांच्यातल्या फरकावर. परभणी-नांदेडकडे मेमध्ये दिवसाचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, आणि बंद पत्र्याच्या गोदामात रात्रीही ३४-३५ अंश सहज असतात. म्हणजे भिंत, पोती, फरशी आणि माणूस सगळे जवळपास सारखेच गरम. फरकच उरत नाही. चांगल्या डिटेक्टरमध्ये तापमानानुसार संवेदना वाढवायची सोय असते. घेताना ती आहे का हे विचारूनच घ्या. पण तीही एका मर्यादेपर्यंतच. शिवाय बऱ्याच डिटेक्टरची कामाची कमाल मर्यादा ५०-५५ अंशांची असते, आणि पत्र्याला लागून लावलेला डिटेक्टर दुपारी तिच्या जवळ जातो.

म्हणून खोक्यावर १२ मीटर लिहिलेलं असलं तरी पत्र्याच्या गोदामात मी ८ मीटरच धरतो. मोठ्या गोदामाला एक लांब पल्ल्याचा लावण्यापेक्षा दोन कोपऱ्यांतून दोन लावावेत. पीआयआर एकमेकांच्या आड येत नाहीत. खर्च थोडा वाढतो, पण सोयाबीनच्या एका थप्पीची किंमत बघितली तर तो फार नाही.

उन्हाळ्यावर उपाय म्हणून ड्युअल टेक लावा असं दुकानदार सांगतात. त्यात पीआयआर आणि मायक्रोवेव्ह असे दोन सेन्सर असतात आणि दोघांनी होकार दिला तरच अलार्म जातो. उगाच वाजणं त्याने नक्की कमी होतं. पण उन्हात पीआयआरच कमजोर पडला तर मायक्रोवेव्हने माणूस बघूनही काही होत नाही. जास्त तापमानात मायक्रोवेव्हवर जास्त भर द्यायची सोय काही मॉडेलमध्ये असते; तशी असेल तरच हा सल्ला उन्हाळ्यासाठी बरोबर.

गोदामाची खरी गोम: थप्पी

गोदामातल्या तक्रारींत सर्वात जास्त वेळ इथेच जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

डिटेक्टर बसवला जातो तो बहुधा गोदाम रिकामं असताना. ७ ते ८ फुटांवर, म्हणजे २.१ ते २.४ मीटर उंचीवर, कंपनीने सांगितल्याप्रमाणे. चाचणी होते, सगळं झकास. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची आवक सुरू होते आणि थप्पी चढत चढत डिटेक्टरच्या छातीला भिडते. आता दोन गोष्टी होतात. थप्पीमागची सगळी जागा आंधळी होते. माणूस वाकून तिथून आरामात जाऊ शकतो. आणि थप्पीच्या माथ्यावरून फिरणारं मांजर थेट लेन्ससमोर येतं.

इथे मालक म्हणतात, "पण आपला तर पेट इम्यून आहे ना? पंचवीस किलोपर्यंतचं जनावर चालतं म्हणून सांगितलं होतं." सांगितलं ते खरं, पण त्याला अट आहे. पेट इम्यून डिटेक्टर असं धरून चालतो की जनावर जमिनीवर आहे आणि आपण ठरलेल्या उंचीवर, सरळ उभे आहोत. लांबून, खाली चालणारं मांजर एका पट्ट्याचा थोडासाच भाग व्यापतं, म्हणून सुटतं. तेच मांजर पोत्यावर चढून लेन्सपासून दोन हातांवर आलं की पूर्ण पट्टा भरतं. डिटेक्टरच्या हिशेबात ते माणसाएवढंच. घूस पोत्यावर चढली तरी तेच. डिटेक्टर खाली झुकवून लावला असेल तर जमिनीवरचं जनावरही सुटत नाही. त्यामुळे पेट इम्यूनला वळणारा ब्रॅकेट लावायचा नाही, कंपनीने तशी परवानगी दिलेली नसेल तर.

उपाय असा. हमालांच्या मुकादमाला विचारा, भर हंगामात थप्पी किती उंच जाते आणि कुठल्या भिंतीला लागते. मग डिटेक्टर थप्पीच्या माथ्याकडे बघेल असा लावू नका. दोन थप्पींच्या मधली जी वाट माल काढायला मोकळी ठेवावीच लागते, तिच्यावर लावा. चोराला पोतं न्यायचं असेल तर त्या वाटेने किंवा दारानेच न्यावं लागतं. पत्रा काढून उतरलेला माणूसही शेवटी त्याच वाटेवर येतो. वाट अरुंद असेल तर पडद्यासारखा एकच उभा पट्टा देणारी लेन्स मिळते, ती तिथे छान काम करते आणि माथ्यावरचं मांजर तिच्या नजरेत येतच नाही. शिवाय डिटेक्टरच्या चारही बाजूंना हातभर जागा मोकळी राहील अशी पेंटने भिंतीवर खूण करून ठेवा. पोती तिच्यापुढे लावायची नाहीत, हे हमालांना खूण बघूनच कळतं. सांगून कुणाच्या लक्षात राहत नाही, कारण दर हंगामाला टोळी बदलते.

मायक्रोवेव्ह आणि पत्रा

ड्युअल टेकचा मायक्रोवेव्ह भाग साधारण १०.५ किंवा २४ गिगाहर्ट्झवर चालतो. तो प्लायवूड, काच, पातळ भिंत यांच्या पार जातो आणि लोखंडावरून परत फिरतो. कारखान्यातून येताना त्याचा पल्ला बहुधा पूर्ण ठेवलेला असतो आणि बसवणारा तो कमी करत नाही. मग शेजारच्या दुकानात रात्री माल उतरवायला लागले की याचा मायक्रोवेव्ह हो म्हणतो. फक्त पीआयआर नाही म्हणतो म्हणून निभावतं, आणि ज्या रात्री पडदाही हलतो त्या रात्री वाजतं. आतल्या छोट्या स्क्रूने पल्ला खोलीएवढाच करा. दाराबाहेर माणूस चालवून, मायक्रोवेव्हचा लाईट लागत नाही इथपर्यंत आणा. फडफडणारा पत्रा, चालू ठेवलेला एक्झॉस्ट फॅन, पाणी वाहणारा प्लास्टिकचा पाईप समोर नको. जवळ जुनी ट्यूबलाईट रात्रभर जळत असेल तर तीही त्रास देते. दोन मायक्रोवेव्ह डिटेक्टर समोरासमोर लावू नका.

डिटेक्टर पक्क्या भिंतीवर किंवा खांबावर घ्या. पत्र्याच्या भिंतीवर नको. वाऱ्याने पत्रा हलला की डिटेक्टर स्वतःच हलतो, आणि त्याला सगळी खोली हलल्यासारखी दिसते.

पाल, किडे, धूळ

पहाटेच्या तक्रारींत पाल मोठी गुन्हेगार. डिटेक्टरचा लाल लाईट चालू असतो, त्यावर चिलटं येतात, चिलटांवर पाल येते आणि लेन्सवर ठाण मांडते. लेन्सला चिकटून बसलेली पाल कितीही थंड असली तरी एक पट्टा झाकते-उघडते, तेवढ्यावर अलार्म जातो. चाचणी संपली की आतला एलईडीचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) काढून लाईट बंद करा. मागे वायर आत येते ते भोक सिलिकॉनने बुजवा. मुंग्या आणि कोळी तिथूनच शिरतात आणि सेन्सरसमोरच जाळं विणतात. डाळमिलमध्ये आणि हळदीच्या गोदामात लेन्सवर पिवळट धुळीचा थर बसतो. मऊ ओल्या फडक्याने दर महिन्याला पुसा. थिनर किंवा फिनाईल लावू नका.

वायर आणि बॅटरी

लाईटच्या येण्या-जाण्याशी तक्रार जोडलेली असेल तर मल्टीमीटर काढा. पॅनलवर किती व्होल्ट आहेत हे बघून भागत नाही, डिटेक्टरच्या टर्मिनलवर मोजा. डिटेक्टर स्वतः जेमतेम १०-२० मिलिअँपिअर घेतो, त्यामुळे एकट्यासाठी लांब वायरही चालते. पण बरेच जण त्याच जोडीवरून पुढे हूटरही नेतात. ०.२२ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा ५० मीटरचा जाऊन-येऊन रोध साधारण ८ ओहम. अर्धा अँपिअर घेणारा हूटर वाजला की त्यात ४ व्होल्ट पडतात. लाईट नसताना १२ व्होल्टचे ८ झाले, आणि बहुतेक डिटेक्टरना किमान ९ लागतात. मग डिटेक्टर बंद-चालू होतो, रिले सुटतो आणि हूटर थांबायचं नावच घेत नाही. हूटरला वेगळी, जाड वायर द्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची स्वस्त वायर घेऊ नका, तिचा रोध आणखी जास्त.

पॅनलमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी गरमीत लवकर मरते. २५ अंशांच्या वर दर ८-१० अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. पत्र्याखाली पॅनल असेल तर बॅटरी फुगलेली नाही ना हे दर उन्हाळ्यानंतर बघा. पॅनल गोदामात न ठेवता ऑफिसच्या पक्क्या भिंतीवर ठेवणं सर्वात बरं.

एंड ऑफ लाईन रेझिस्टर, म्हणजे वायरमधला बिघाड पॅनलला कळावा म्हणून लाईनच्या शेवटी लावायचा रोध, डिटेक्टरच्या आत बसवायचा असतो, पॅनलच्या टर्मिनलवर नाही. पॅनलवरच बसवला तर मधे उंदराने वायर कुरतडून दोन तारा एकमेकींना चिकटल्या तरी पॅनलला सगळं ठीकच दिसतं आणि तो झोन कायमचा आंधळा होतो. मूल्य तुमच्या पॅनलच्या पुस्तिकेत असेल तेच घ्या. वायर पीव्हीसी पाईपमधून न्या आणि २३० व्होल्टच्या वायरिंगपासून लांब ठेवा, एकाच पट्टीत दोन्ही कोंबू नका.

चाचणी अशी करा

जोडल्याबरोबर घाई नको. सेन्सर स्थिर व्हायला एखादं मिनिट, कधी जास्तही लागतं. मग पॅनल वॉक टेस्टमध्ये, म्हणजे चालून बघायच्या चाचणीत, टाका, लाईटचा जंपर लावा आणि एका माणसाला नेहमीच्या चालीने फिरवा: आडवं, सरळ, भिंतीला घासून, वाकून. तो कुठे पकडला गेला ते जमिनीवर खडूने लिहा. बॅटरीवरचा वायरलेस डिटेक्टर असेल तर एकदा लागल्यावर काही मॉडेल बॅटरी वाचवण्यासाठी दोन-तीन मिनिटं झोपतात. तेवढा वेळ खोली रिकामी ठेवून पुढची चाल करा, नाहीतर चांगला डिटेक्टर खराब म्हणून परत जाईल.

ही चाचणी वर्षातून दोनदा हवी. एकदा मेमध्ये रात्री नऊच्या सुमाराला, गोदाम तापलेलं असताना, आणि एकदा दिवाळीनंतर गोदाम भरलेलं असताना. पल्स काउंटचा, म्हणजे किती चढ-उतारांनंतर अलार्म द्यायचा ते ठरवणारा जंपर १ वर आहे की २ किंवा ३ वर, तेही तेव्हाच बघा. ३ वर ठेवून मेमध्ये माणूस पकडला जात नसेल तर आधी जागा सुधारा आणि जंपर खाली आणा. इंडोअरचा डिटेक्टर ओट्यावर किंवा शेडबाहेर लावलेला आढळला तर त्याची चाचणीसुद्धा करू नका. तो काढा आणि तिथे आउटडोअरचाच लावा.

शेवटी पॅनलच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. त्यावर झोनचा नंबर आणि जागा, डिटेक्टरची उंची, जंपर कुठे आहेत, मायक्रोवेव्हचा पल्ला किती ठेवला, रेझिस्टर किती ओहमचा आणि बॅटरी कोणत्या महिन्यात बदलली, एवढं लिहा. पुढच्या वेळी दुसराच मेकॅनिक आला तर त्याला सुरुवात या कागदापासून करायला सांगा.